तिसरा ब्रेक लाइट हलवायचाय? थांबा, आधी हे पाहा

कोल्हापुरात शाहूपुरीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, मधून हातगाडी जात असते, आणि तुम्हाला गाडी मागे घ्यायची असते. आतल्या आरशात पाहावं तर मागच्या काचेच्या मधोमध तिसऱ्या ब्रेक लाइटची काळी पेटी. मग प्रश्न सुरू होतात. हा लाइट काढून दुसरीकडे लावता येईल का? वर घ्यावा की खाली? पोलीस अडवतील का? पासिंगला अडचण येईल का? हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा अॅक्सेसरीच्या दुकानातून आलेली असतात.

या प्रश्नांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, तुम्हाला मागचं नीट दिसणं. दुसरी, मागच्याला तुमचा ब्रेक दिसणं. पहिलीची सोय करताना दुसरीचं नुकसान होणार असेल, तर तो बदल करू नका, असं मी स्पष्टच सांगेन. पण दोन्ही साधता येतील असे मार्ग आहेत.

अडचण नेमकी कशाची आहे?

गाडी सपाट जागी उभी करा, नेहमीच्या पद्धतीनं सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी गाडीमागे साधारण पाच मीटरवर उभं करा. त्यांना हळूहळू डावीकडून उजवीकडे चालत जायला सांगा. आतल्या आरशात ती व्यक्ती कुठे दिसेनाशी होते ते पाहा. मग मागच्या सीटची डोक्याची उशी खाली करा, पार्सल ट्रेवरच्या उश्या, छत्री, टिश्यूचा डबा उचला आणि हेच पुन्हा करा.

बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की ब्रेक लाइटची पेटी काचेचा छोटासा पट्टा अडवते. खरा अडथळा तीन उश्यांचा आणि ट्रेवरच्या सामानाचा असतो. काचेवर काळी फिल्म असेल तर संध्याकाळनंतर लाइट कुठेही असला तरी काही उपयोग नाही. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो. बाजूच्या काचांसाठी हे प्रमाण ५० टक्के आहे. तुमची फिल्म यात बसत नसेल तर ती आधी काढा. मग कदाचित लाइटचा विचारच करावा लागणार नाही.

आता तुमची गाडी कोणत्या गटात बसते ते पाहा:

- काचेच्या आत, खाली पार्सल ट्रेवर लाइट: बऱ्याच सेडान गाड्यांत असतो. मागे पाहताना सर्वात जास्त खुपतो तो हाच.
- काचेच्या आत, वरच्या कडेला लाइट: अनेक हॅचबॅक गाड्यांत. उंच चालकांना खुपतो.
- बाहेर, स्पॉयलरमध्ये लाइट: तुमच्या नजरेच्या आड येत नाही. हलवायचं कारणच नाही.
- मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्या: बोलेरो, जिप्सी, थार यांसारख्या. यांत स्टेपनी काच अडवते, आणि मालकानं मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला की दिवाही झाकला जाऊ शकतो.
- कंपनीनं तिसरा लाइट दिलेलाच नाही अशा जुन्या गाड्या: प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीच्या मारुती ८००. यांत जो लाइट दिसतो तो नंतर दुकानातून बसवलेला असतो, आणि पुष्कळदा चुकीच्या जागी.

पहिल्या दोन गटांतल्या वाचकांनी पुढचा मजकूर सावकाश वाचावा. शेवटच्या गटाचं काम त्यामानानं सोपं आहे.

हा दिवा उंचावर का ठेवतात

निर्णयासाठी एवढंच पुरे: खालचे दोन दिवे टेल लॅम्पचंही काम करतात, रात्री कायम पेटलेले असतात, आणि त्यांचा उजेड वाढला एवढ्यावरून मागच्यानं ब्रेक ओळखायचा असतो. तिसरा दिवा फक्त ब्रेक दाबल्यावर पेटतो. शिवाय तो काचेच्या उंचीवर असल्यानं तुमच्या मागच्या गाडीच्या काचांतून तिसऱ्या गाडीच्या चालकालाही दिसतो. महामार्गावर तावडे हॉटेलजवळ रांग अचानक थांबते तेव्हा हा तिसरा चालक वेळेत ब्रेक दाबतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

अमेरिकेत जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना असा जादा दिवा लावून प्रयोग केला होता; त्याचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथल्या प्रवासी मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. सवय झाल्यावर त्याचा परिणाम किती टिकला, हे तिथल्या वाहतूक सुरक्षा विभागानं १९९८ मध्ये तपासलं, तेव्हा मागून होणाऱ्या धडका ४.३ टक्क्यांनी कमी आढळल्या. आकडा लहान वाटेल, पण एवढ्याशा दिव्यासाठी तो मोठा आहे.

म्हणून दिवा काढून बंपरवर, नंबर प्लेटखाली किंवा टो-हुकच्या जागी नेणं हा पर्याय मनातून काढून टाका. तिथे तो खालच्या दोघांत मिसळून जातो, मागे दुसरी गाडी आली की झाकला जातो, आणि गगनबावड्यापुढे करूळ घाटात धुक्यानं रस्ता गिळला की चिखलाखाली गडप झालेला असतो.

कायद्यात काय बसतं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर ब्रेक लाइटच्या जागेचा रकाना नसतो. त्यावरून 'म्हणजे मोकळीक आहे' असं पुष्कळ जण गृहीत धरतात. ते धोक्याचं आहे. गाडीच्या मॉडेलला मान्यता मिळते ती दिव्यांच्या संख्येसह आणि जागेसह. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू नयेत, हीच भूमिका सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ बदललं. त्यात परवानगी नसलेल्या रीतीनं सुटे भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जागेवर आकारायची तडजोड रक्कम राज्य शासन ठरवतं, त्यामुळे प्रत्यक्ष चलनावर वेगळा आकडा दिसू शकतो.

जागेचं माप हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीच्या वळणावर आपलं एआयएस-००८ हे मानक गेलं आहे, तिच्यातल्या अटी डोळ्यांसमोर ठेवा:

- दिवा गाडीच्या मध्यरेषेवर हवा. नाइलाजानं सरकवावा लागला तरी १५० मिलिमीटरच्या आत.
- दिव्याची खालची कड मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून १५० मिलिमीटरहून जास्त खाली नको, किंवा जमिनीपासून किमान ८५० मिलिमीटर वर हवी. दोन्ही प्रकारांत ती खालच्या दोन्ही ब्रेक लाइटच्या वरच्या कडेपेक्षा उंच असलीच पाहिजे.
- मधोमध उभं राहून डावीकडे-उजवीकडे १० अंश, वर १० अंश आणि खाली ५ अंशांतून दिसला पाहिजे.
- दुसऱ्या कुठल्या दिव्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. रात्री टेल लॅम्पसारखा मंद पेटणारा तिसरा लाइट म्हणजे त्याचा उपयोगच घालवणं.
- आत बसवला असेल तर त्याचा उजेड काचेवरून परतून चालकाच्या डोळ्यांत येता कामा नये.

रंग लालच आणि उजेड स्थिर. निळा-लाल लुकलुकणारा, पळत्या अक्षरांचा, ब्रेक दाबल्यावर दहा वेळा मिचकावणारा पट्टा दुकानात सहज मिळतो. तो घेऊ नका. मागच्या बाजूला लालखेरीज दुसऱ्या रंगाच्या दिव्यांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०८ नं ठरावीक अपवाद सोडून मनाई केली आहे.

लाइट न हलवता काय करता येईल

माझ्या मते दहापैकी आठ-नऊ जणांचं काम इथेच व्हावं.

- उश्या आणि ट्रे. मागे कुणी बसत नसेल तेव्हा उशी पूर्ण खाली. माणूस बसला की मात्र पुन्हा वर. मानेच्या सुरक्षेसाठी ती असते.
- आरसे. बाहेरचे आरसे बाहेरच्या बाजूला इतके वळवा की तुमच्याच गाडीची कड जेमतेम दिसेल. बहुतेकांच्या आरशात आपल्याच गाडीचं दार अर्धा आरसा व्यापून असतं.
- सेन्सर आणि कॅमेरा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. तुमची गाडी त्याआधीची असेल तर रिव्हर्स कॅमेरा बसवा. गल्लीत गाडी मागे घेताना काचेच्या खालच्या कडेआड उभं असलेलं लहान मूल तिसरा लाइट हलवून कधीच दिसणार नाही, कॅमेऱ्यात दिसेल. एवढ्या एका कारणासाठी तरी तो पैसा आधी तिकडे घाला.
- त्याच जागी चपटा एलईडी लाइट. जुन्या बल्बच्या पेट्या जाड असतात. तुमच्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षात कंपनीनं बारीक एलईडी पट्टी दिली असेल तर तो सुटा भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मागवता येतो का, विचारा. जागा तीच राहते, काच मोकळी होते. शिवाय तारेच्या बल्बपेक्षा एलईडी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका आधी पूर्ण पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेचार मीटरच्या आसपास पुढे आलेली असते.

स्टेपनीवाल्या गाडीत मोठा टायर घातला असेल तर कंपनीच्या मापावर परत या. दिवा उंचावर नेण्यासाठी लोखंडी पट्टी जोडण्यापेक्षा ते बरं.

आणि एक तपासणी शाहूपुरीकरांसाठी खास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कुंभार गल्लीसह इथल्या सखल भागात पाणी शिरलं होतं. गाडी तेव्हा पाण्यात होती, किंवा तुम्ही नंतर जुनी गाडी विकत घेतली असेल, तर डिकीच्या पत्र्यालगतचे वायरिंगचे जोड उघडून पाहा. पितळी पिना हिरव्या पडल्या असतील तर दिवा कुठेही न्या, तो मधूनच बंद पडेल. आधी ते जोड बदला.

हलवायचाच असेल तर

नंतर बसवलेला लाइट असेल, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरनं लेखी होकार दिला असेल, तरच पुढे जा. कंपनीनं बसवलेल्या लाइटबाबत तोंडी 'होतंय की साहेब' पुरेसं नाही. शंका असेल तर कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयात दोन ओळींचा अर्ज द्या, सोबत आत्ताच्या आणि नियोजित जागेचा फोटो जोडा, आणि पोच घ्या.

जागा निवडताना दिशा एकच: खालून वर. पार्सल ट्रेवरचा लाइट काचेच्या वरच्या कडेला, छताला लागून, मध्यरेषेवर. तिथे तो तुमच्या नजरेतून जवळपास निघून जातो आणि मागच्याला आधीपेक्षा चांगला दिसतो. उलटी वाट, म्हणजे वरचा लाइट ट्रेवर आणणं, मी सुचवणार नाही. ट्रेवर सामान ठेवायची सवय सुटत नाही.

कामाच्या वेळी ऑटो इलेक्ट्रिशियनजवळ उभे राहा आणि पुढचं सांगा:

१. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काढण्याआधी रेडिओचा कोड लागतो का, ते पाहून ठेवा.

२. वायर रंगावरून ओळखू नका. तपासणीपुरती बॅटरी पुन्हा जोडून, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून, ब्रेक दाबल्यावरच करंट येतो आणि हेडलाइट लावल्यावर येत नाही, याची खात्री करा. हेडलाइट लावताच तिसरा दिवा मंद पेटला तर चुकून टेल लॅम्पची वायर जोडली गेली आहे.

३. नव्या गाड्यांत जादा दिवा जोडू नका. तिथे दिव्यांवर संगणकी मॉड्यूलची नजर असते. जुना दिवा काढून भलत्याच वॅटचा लावला की डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते, कधी मॉड्यूललाच इजा होते.

४. फ्यूजचा हिशोब. २१ वॅटचे दोन आणि ५ वॅटचा एक असे बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर ओढतात. त्या जागी एलईडी लावला तर भार कमीच होतो, म्हणून फ्यूज वाढवायची गरज नसते. फ्यूज उडतोय म्हणून कुणी मोठा घालत असेल तर तिथेच थांबवा. वायर कुठेतरी घासून शॉर्ट होतेय.

५. जोड. वायर सोलून पिळून काळी टेप गुंडाळणं नको. सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी, किंवा दाबून बसणारे बंद कनेक्टर. वायर अर्धा ते पाऊण चौरस मिलिमीटरची चालते.

६. डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. वायर तिच्याच आतून न्या. बाहेरून नेलेली वायर डिकी उघडझाप करताना तुटते, आणि पावसाचं पाणी तिच्या आधारानं आत येतं.

७. छताच्या कडेचे एअरबॅग. बाजूचे पडदा-एअरबॅग असतील तर मागच्या खांबाच्या आवरणात ते असू शकतात. तिथून वायर ओढायची परवानगी फक्त कंपनीच्या माणसाला द्या.

८. काचेवरच्या डिफॉगरच्या तारा. या तारांवर चिकटपट्टी लावू नका, आणि जुनी पट्टी ब्लेडनं खरवडू नका. एक तार तुटली की तेवढा पट्टा आंबोली-आंब्याच्या धुक्यात कायम ओला राहणार. आधी केसांच्या ड्रायरनं गोंद मऊ करा.

९. बाहेरच्या पत्र्याला भोक पाडू नका. इथल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी

रस्त्यावर जाऊन मध्यरेषेवर गाडीपासून १० मीटर मागे उभे राहा. तिथून डावीकडे पावणेदोन मीटर आणि उजवीकडे तेवढंच सरका. दोन्ही ठिकाणांहून दिवा पूर्ण दिसला पाहिजे. १० अंशांचं गणित तेवढंच येतं. उकिडवे बसून पाहा, म्हणजे दुचाकीवरच्या मुलाची उंची झाली. ट्रक किंवा बसच्या उंचीवरून दिसतो का, हेही एखाद्या ओट्यावर चढून पाहा. स्पॉयलरखाली फार आत बसवलेला दिवा वरून झाकला जातो. हे सगळं भर दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा करा. रात्री चालकाच्या जागेवर बसून ब्रेक दाबा आणि आतल्या आरशात लाल झगमगाट येतो का, पाहा. आला तर दिवा आणि काच यांच्यामधली फट काळ्या रबरानं बंद करा.

डिकी उघडी ठेवून चालवण्याचा विचार मनातून काढा. गणेश चतुर्थीला कुंभार गल्लीतून मोठी मूर्ती आणताना अनेक जण डिकी दोरीनं अर्धवट बांधतात. दिवा डिकीवर असेल तर तो तेव्हा आभाळाकडे पाहत असतो, आणि रस्ता गर्दीनं भरलेला असतो. मूर्ती टेम्पोनंच आणा. मागच्या कॅरिअरवर सायकल किंवा सामान बांधतानाही हाच नियम. ऊस हंगामात रस्त्यावर ट्रॉल्या थांबत-थांबत जातात, त्यांच्यामागे तुम्हीही थांबत-थांबत जाता. तेव्हा तुमचा ब्रेक दिसण्याला फार किंमत असते.

विमा, वॉरंटी आणि तुमचे हक्क

- विमा कंपनीला ईमेल करा. काय बदललं, कुठे बदललं, फोटोसह. कळवून ठेवलं तर पुढे दावा करताना 'मूळ रचनेत बदल लपवला' हा मुद्दा उभा राहत नाही. दावा चुकीच्या कारणानं नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येतं.
- वॉरंटी. वायर कापली की वायरिंगची वॉरंटी जाऊ शकते. नव्या गाडीत हे एकच कारण काम पुढे ढकलायला पुरेसं आहे.
- नूतनीकरण. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या तपासणीत दिवे पाहिले जातात. टॅक्सी परवान्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, म्हणून टॅक्सीमालकांनी हा बदल टाळलेलाच बरा.
- चलन आलं तर त्यावर कोणतं कलम लावलंय ते पाहा. मान्य नसेल तर महाट्रॅफिक अॅपवर फोटोसह तक्रार नोंदवता येते. सर्व्हिस सेंटरचं पत्र आणि आरटीओची पोच गाडीत ठेवा, म्हणजे तक्रारीसोबत लगेच जोडता येईल.
- काम बिघडलं तर पक्कं बिल तुमच्या हातात असायला हवं. त्यावर 'तिसरा ब्रेक लाइट स्थलांतर, वायरिंगसह' असं स्पष्ट लिहून घ्या. आधी लेखी दुरुस्ती मागा, पंधरा दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावणं बंधनकारक नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. काढलेला जुना लाइट गॅरेजमध्ये सोडू नका. तो स्क्रू-पट्ट्यांसह घरी आणा, कारण पासिंगला हरकत आली तर गाडी मूळ स्थितीत आणायला तोच लागेल.